प्रवासातील निसर्गदर्शन : धार-देवासच्या वाटेवर

दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली की आपल्याकडील पुष्कळशी कुटुंबे मोटारीने उत्तरेकडे निघतात. धुळे, शिरपूर, सेंधवा करीत मुंबई-आग्रा रस्त्याने नर्मदा ओलांडावयाची, ओंकारेश्वराचे व उज्जयिनीच्या महाकालाचे दर्शन घ्यावयाचे, इंदूरच्या सराफ्यात खाद्यपदार्थांचा समाचार घ्यावयाचा आणि परत फिरावयाचे, हा क्रम आता ठरून गेल्यासारखा आहे. या वाटेवर धार आणि देवास हे दोन जिल्हे लागतात. एके काळी येथे पवारांची मराठी राज्ये होती. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आजही या गावांतून मराठी बोलणारी घरे आहेत. परंतु मोटारीच्या काचेतून मागे पळणारी शेते, ढाबे आणि टोलनाके यांपलीकडे या जिल्ह्यांचे दर्शन बहुतेकांना घडत नाही. वस्तुतः निसर्गाच्या दृष्टीने हा मुलूख फार संपन्न आहे.

दूरच्या प्रवासात निसर्ग पाहावयाचा म्हणजे वाट वाकडी करून एखादा ‘पॉइंट’ गाठावयाचा, छायाचित्रे घ्यावयाची आणि घाईघाईने पुढे निघावयाचे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. अशा सहलीवरून परतलेल्या मुलास ‘काय पाहिलेस?’ असे विचारावे, तर तो दहा ठिकाणांची नावे धडाधड सांगतो; परंतु त्यांतील एकाचेही वर्णन त्याला नीट करता येत नाही. दोष मुलाचा नसतो. दहा ठिकाणे पाहण्याच्या नादात कोठेच पुरेसा वेळ मिळालेला नसतो. स्मरणात राहणारी सहल बहुधा घरीच, नकाशा समोर ठेवून, निघण्यापूर्वी निवडलेली असते. ती कशी निवडावी, याचा विचार धार व देवास यांच्या उदाहरणाने प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निवडीच्या चार कसोट्या

कोणतेही स्थळ आपल्या यादीत घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : आपण जाऊ त्या ऋतूत तेथे काय असेल? धबधबा चैत्रात कोरडा असतो, आणि पाणपक्षी आषाढात दूर उत्तरेकडे असतात. स्थळाचे नाव तेच राहते, पण महिना बदलला की स्थळ बदलते.

दुसरा प्रश्न : तेथे असे काय आहे, की जे आपल्या गावाजवळ नाही? माकडे, डोंगर आणि सूर्यास्त सर्वत्र आहेत. त्यांसाठी अर्धा दिवस वेचण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न : आपल्यातील सर्वांत लहान मुलाला आणि सर्वांत वृद्ध माणसाला ती सहल झेपेल काय? आजी गाडीत बसून राहिली आणि धाकटा रडकुंडीस आला, तर सहल कोणाचीच होत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि बहुधा विसरला जाणारा आहे : आपल्या जाण्याने तेथील जीवांची अथवा वस्तूंची हानी तर होणार नाही? आणि तेथे आपल्या जिवाला धोका तर नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर पहिल्या तिन्ही उत्तरांना काही अर्थ उरत नाही.

या कसोट्यांबरोबर एक साधा नियम पाळावा. दिवसाला एकच सहल ठेवावी, आणि तीही सकाळच्या पहिल्या प्रहरी किंवा दुपार कलल्यावर. पशुपक्षी त्याच वेळी हिंडतात. प्रवासाचा मोठा टप्पा दुपारी उरकावा.

तीन पायऱ्या आणि तीन पाणलोट

पहिली सहल तर गाडीतून न उतरताच करता येते. तिच्यासाठी एक नकाशा आणि थोडी जिज्ञासा एवढेच साहित्य लागते. सेंधव्याजवळ आपण सातपुडा ओलांडतो आणि निमाडात उतरतो. खलघाटच्या पुलावर नर्मदा लागते. तेथे समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १५० मीटर आहे. धामणोद व गुजरी मागे पडले की रस्ता विंध्याचा घाट चढू लागतो, आणि मानपूरजवळ आपण माळव्याच्या पठारावर येतो. या पठाराची उंची साधारणपणे ५०० ते ६०० मीटर. तासाभराच्या आत एवढा चढ चढल्यावर हवा बदलते, झाडी बदलते, माती काळी होते. निमाडातला उकाडा घाटात मागे राहतो. जुन्या काळी ‘माळव्याची रात्र’ थंडाव्यासाठी वाखाणली जाई, तिचे कारण ही उंचीच होय.

याहून मौजेची गोष्ट पाण्याची आहे. धार जिल्ह्यात पावसाचे तीन थेंब तीन ठिकाणी पडले, अशी कल्पना करा. विंध्याच्या दक्षिण उतारावर पडलेला थेंब नर्मदेत जाईल आणि भडोचजवळ अरबी समुद्राला मिळेल. सरदारपूरच्या बाजूस पडलेला थेंब मही नदीत शिरेल, कारण मही याच तालुक्यात उगम पावते. तो राजस्थानात शिरून पुन्हा गुजरातेत वळेल व खंबातच्या आखातात पोहोचेल. पठारावर उत्तरेकडे पडलेला तिसरा थेंब चंबळेच्या पाण्यातून यमुनेला, यमुनेतून गंगेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळेल. देवास जिल्ह्यातील क्षिप्रा आणि बागलीजवळ उगम पावणारी काली सिंध यांचेही पाणी याच तिसऱ्या वाटेने जाते. गाडीतील मुलांनी प्रत्येक पुलावर नदीचे नाव वाचावे आणि तिचे पाणी कोणत्या समुद्रास मिळणार, हे नकाशात शोधावे. चारपाचशे किलोमीटरचा कंटाळवाणा प्रवास या एका खेळाने सुसह्य होतो.

मांडवगड : ऋतूची कसोटी

गुजरीहून किंवा धारहून मांडवगडास जाता येते. धारहून ते अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. बहुतेक लोक हे स्थळ जहाजमहाल आणि रूपमतीचा मंडप यांसाठी पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मांडव हे निसर्गप्रेमी माणसाचेही स्थळ आहे. माळव्याच्या पठारापासून काकडा खोह नावाच्या खोल दरीने वेगळा झालेला हा विंध्याचा एक प्रचंड तुकडा होय. गडावर मोठी नदी नाही. पावसाचे पाणी तलाव, कुंडे आणि बावड्या यांत साठवूनच येथील वस्ती शतकानुशतके जगली. जहाजमहालाच्या दोन्ही बाजूंचे मुंज व कपूर तलाव आणि रूपमतीच्या मंडपाखालचे रेवाकुंड हे त्याच योजनेचे भाग आहेत.

म्हणूनच मांडव पाहण्याचा खरा काळ पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने. बादशहा जहांगीर १६१७ साली येथे येऊन राहिला होता. पावसाळ्यातील मांडवासारखे हवेने व शोभेने रमणीय स्थळ आपल्या माहितीत नाही, अशा आशयाचे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. वैशाखात जाणाऱ्याला मात्र तापलेले दगड आणि आटलेली टाकी पाहावी लागतात, आणि तो निराश होऊन परततो.

याला एक अपवाद आहे. मांडवची गोरखचिंच बाराही महिने पाहण्यासारखी आहे. हा मूळचा आफ्रिकेतला वृक्ष. तो येथे व्यापाऱ्यांबरोबर आला किंवा पंधराव्या शतकातील खिलजी सुलतानांनी आणविला, असे सांगतात. खोडाचा घेर एवढा, की पाचसहा मुलांनी हात धरून कडे केले तरी एखाद्या वृक्षाला ते पुरत नाही. या खोडाच्या मऊ लाकडात पाणी साठते, आणि त्यावर झाड कोरडे महिने काढते. वर्षातील बराच काळ ते निष्पर्ण असते. पानांवाचून त्याच्या आखूड जाड फांद्या मुळांसारख्या दिसतात, आणि झाड जणू उलटे रोवले आहे असा भास होतो. त्याचे मोठे पांढरे फूल रात्री उमलते व वटवाघळे त्याचे परागण करतात. फळातील पांढरा गर आंबट असतो. ‘मांडूची इमली’ म्हणून ही फळे गडावर रस्त्याच्या कडेला विकावयास असतात.

या वृक्षांविषयी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. २०२२ साली मांडव परिसरातील काही जुनी झाडे मुळांसकट उपटून दूरच्या एका खासगी उद्यानात नेण्याचा प्रकार झाला. गावकऱ्यांनी त्याला विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या झाडाखाली दहाबारा पिढ्यांची मुले खेळली, ते झाड गावाचे असते, हे त्या गावकऱ्यांना समजले होते. त्याच झाडावर चाकूने आपले नाव कोरणारा प्रवासी लहान प्रमाणात तेच पाप करीत असतो.

बाघ : जे अन्यत्र नाही

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तम उत्तर धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, बाघ आणि कुक्षी या गावांच्या परिसरात मिळते. बाघची लेणी प्रसिद्धच आहेत. परंतु लेण्यांभोवतीच्या टेकड्यांत त्यांहून कितीतरी पटींनी जुना इतिहास दडलेला आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदाखोऱ्यात शिरला होता. त्या समुद्रातील शंखशिंपल्यांचे व इतर जलचरांचे अवशेष येथील चुनखडकात आहेत. भूशास्त्रज्ञ या थरांना ‘बाघ थर’ याच नावाने ओळखतात. आज समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे.

समुद्र हटल्यावर या भूमीवर प्रचंड सरीसृप, म्हणजे डायनोसॉर, वावरू लागले. त्यांतील लांब मानेचे शाकाहारी प्राणी येथे नदीतलावांच्या काठच्या मऊ मातीत खड्डे करून अंडी घालीत. कित्येक अंडी न फुटता गाळाखाली दबली आणि कालांतराने त्यांचा दगड झाला. २००७ साली कुक्षी-बाघ भागात शंभराहून अधिक अंडी सापडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि त्या शोधात धार जिल्ह्यातील शिक्षक विशाल वर्मा यांचा मोठा वाटा होता. पुढे २०१७ ते २०२० या काळात संशोधकांनी जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांच्या हद्दीत ९२ घरटी व त्यांतील २५६ अंडी नोंदविली. हा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही अंडी सुमारे १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण लहान नारळाएवढी आहेत. २०११ साली येथे जीवाश्म राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आले.

पाडल्या गावची हकीगत तर फारच बोधप्रद आहे. तेथील शेतकरी नांगरताना सापडलेल्या काही गोल गुळगुळीत दगडांची ‘काकड भैरव’ म्हणून पूजा करीत. काकड म्हणजे शेताची शीव. शिवेचा हा देव पिकाचे व गुराढोरांचे रक्षण करतो, अशी त्यांची श्रद्धा होती. २०२३ मध्ये अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा त्यांतील काही दगड डायनोसॉरची अंडी असल्याचे आढळले. यात गावकऱ्यांना हसण्यासारखे काही नाही. हा दगड इतरांहून निराळा आहे, हे त्यांनी ओळखले होते, आणि पूजा केल्यामुळे तो फोडला गेला नाही.

येथे जाणाऱ्याने स्थानिक वनकर्मचाऱ्यांना विचारून व त्यांना बरोबर घेऊनच फिरावे. एक हातभिंग जवळ असल्यास शिंपल्यांच्या कडा, रेषा सुंदर दिसतात. मात्र एक खडाही खिशात घालू नये. जीवाश्माचे मोल तो ज्या थरात, ज्या जागी, ज्या शेजाऱ्यांसह सापडला त्यात असते. घरच्या काचेच्या कपाटात नेलेला जीवाश्म शास्त्राच्या दृष्टीने मुका होतो.

सरदारपूर : न जाण्याचा निर्णय

धारहून अहमदाबादच्या रस्त्याने पश्चिमेकडे गेले की सरदारपूर लागते. येथील गवताळ प्रदेशात १९८३ साली एका पक्ष्यासाठी अभयारण्य करण्यात आले. त्या पक्ष्याला माळव्यात खरमोर म्हणतात. आपल्या मराठीत तणमोर. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या सूचनेवरून सरदारपूर व रतलाम जिल्ह्यातील सैलाना या दोन्ही ठिकाणी ही अभयारण्ये अस्तित्वात आली.

तणमोर हा माळढोकाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी होय. पावसाळा सुरू झाला, गवत गुडघाभर वाढले की नर काळाभोर होतो, त्याच्या डोक्यामागे रिबिनीसारखी लांब पिसे फुटतात, आणि तो गवतातून सरळ वर उडी घेतो. माणसाच्या उंचीएवढा उडून तो पुन्हा गवतात अदृश्य होतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या! उंच गवतात दडलेल्या मादीला आपण येथे आहोत हे कळविण्याचा त्याचा हा एकमेव उपाय असतो. मादी जमिनीवरच अंडी घालते. पाऊस संपला की हे पक्षी विखुरतात.

येथे पहिल्या तीन कसोट्या उत्तम उतरतात. ऋतू निश्चित, दृश्य अपूर्व, चालणेही फार नाही. परंतु चौथा प्रश्न विचारताच चित्र पालटते. गवताळ राने नांगरली गेली, चराई वाढली, आणि हा पक्षी झपाट्याने घटला. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. आज जगात त्याची संख्या काही शेकड्यांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. उडी मारणाऱ्या नराच्या दिशेने गाडी घातली, चांगले छायाचित्र मिळावे म्हणून गवतात शिरले, तर नर गप्प होतो आणि मादी अंड्यांवरून उठते. एका मोसमातील एका घरट्याचा नाश या पक्ष्याला परवडणारा नाही.

तेव्हा पावसाळ्यात सरदारपुरास जावयाचे असेल, तर वनखात्याच्या परवानगीने, त्यांच्या माणसासह, रस्त्यावरूनच दुर्बिणीने पाहावे. हे शक्य नसेल तर जाऊ नये. न जाण्याचा निर्णय हीही एक निवडच आहे, आणि मुलांना ती समजावून सांगितली तर ती त्यांच्या स्मरणात राहते. वनखात्याने खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची योजना या भागात राबविली, हेही मुलांना सांगावे. पक्षी शेतात येतो. तेव्हा शेतकऱ्याच्या सहकार्यावाचून तो वाचणार नाही. आपल्या अकोला-वाशीमच्या माळरानांवरही तणमोर येतो, याची आठवण येथे ठेवावयास हरकत नाही.

पक्षीच पाहावयाचे आणि ऋतू हिवाळ्याचा असेल, तर धारहून देवासकडे जाताना इंदूरच्या वेशीवर, धार रस्त्यालगतच, सिरपूर तलाव आहे. होळकर राजवटीत बांधलेला हा तलाव २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराखालील हा मान होय. हिवाळ्यात येथे उत्तरेकडून आलेली बदके उतरतात. आजीआजोबांनाही येथे काठाने सावकाश हिंडता येते. सकाळी एक तास पुरेसा आहे.

देवास : टेकडी, दगड आणि अरण्य

देवास शहराच्या मधोमध देवीची टेकडी आहे. तिच्यावर तुळजाभवानी व चामुंडा या दोन देवींची स्थाने आहेत. लोक त्यांना मोठी व धाकटी बहीण मानतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते, आणि १९५३ साली त्यांनी या दिवसांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव दिले. पहाटे टेकडीवर जावे. माळव्याचे पठार किती सपाट आहे आणि त्यातून एकाकी टेकड्या कशा उठल्या आहेत, हे येथून एका दृष्टिक्षेपात कळते.

याच गावी १९४८ साली कुमार गंधर्व राहावयास आले. क्षयाने त्यांना ग्रासले होते, आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून हे ठिकाण निवडले होते. कित्येक वर्षे गाणे बंद होते. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आसपासच्या बायाबापड्यांची माळवी लोकगीते ऐकली. पुढे त्यांच्या गायनात ती लोकधून आणि माळव्याचे ऋतू दोन्ही उतरले. निसर्गदर्शनास निघालेल्याने यातून एक धडा घ्यावा : पाहण्याइतकेच ऐकणेही असते. टेकडीवर पाच मिनिटे सर्वांनी डोळे मिटून स्वस्थ बसावे आणि किती निरनिराळे आवाज ऐकू आले, ते मोजावे.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बागली तालुक्यात उदयनगरच्या बाजूस कावडिया पहाड आहे. दगडी खांब कोणी तासून, रचून, ढीग करून ठेवावेत, तशा येथील टेकड्या दिसतात. भीमाने कावडीने हे दगड आणले, अशी लोककथा आहे. शास्त्र सांगते ते असे : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर पडले. त्यांनी माळवा झाकला आणि महाराष्ट्रही झाकला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तोच. असा जाड थर सावकाश थंड होताना आकसतो, आणि आटलेल्या तळ्यातील चिखलाला जशा भेगा पडतात तशा त्याला भेगा पडतात. भेगा वरून खाली उतरत गेल्या की पाच-सहा कडांचे खांब सुटे होतात. मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीही अशाच खांबांची आहे. कावडियाच्या कित्येक खांबांवर लहान दगडाने हलकेच टिचकी दिली, तर धातूसारखा नाद निघतो. मुलांना ही गंमत फार आवडते. मात्र खांब फोडण्याचा किंवा त्यांवर चढून ते ढकलण्याचा मोह आवरावा.

अरण्यच पाहावयाचे असेल, तर कन्नोद-खातेगावच्या बाजूस, देवास व सीहोर या दोन जिल्ह्यांत पसरलेले खिवनी अभयारण्य आहे. सागाचे व बांबूचे हे रान फार प्रसिद्ध नाही, आणि म्हणून गर्दीही नाही. येथे वाघाच्या नोंदी आहेत. परंतु वाघ दिसेलच अशी अपेक्षा ठेवून जाणारा हमखास हिरमुसतो. जंगल हे वाचावयाचे असते. वाटेवरील धुळीत उमटलेले पंजे, अस्वलाने उकरलेले वारूळ, झाडाच्या सालीवरचे नखांचे ओरखडे, चितळाची एकाएकी उठलेली इशाऱ्याची हाक, या गोष्टी वाचता आल्या की एकही मोठा प्राणी न दिसता सकाळ भरून जाते. फाल्गुनात गेल्यास पळस फुललेला असतो व पुढे मोहाची फुले पडू लागतात. अभयारण्य केव्हा उघडे असते व गाडीची काय व्यवस्था आहे, हे वनखात्याकडे आधीच विचारून घ्यावे.

पाण्याविषयी सावधगिरी

नर्मदेच्या काठी गेल्यावाचून हा प्रवास पुरा होत नाही. येथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. देवास जिल्ह्यात नर्मदेवर धाराजी नावाचे तीर्थ होते. खडकांतून कोसळणाऱ्या धारांमुळे त्याला हे नाव मिळाले. ७ एप्रिल २००५ रोजी तेथे भुतडी अमावास्येचा मेळा भरला असताना वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी रात्री एकाएकी चढले आणि साठाहून अधिक यात्रेकरू वाहून गेले. आकाशात ढग नव्हता, पाऊस नव्हता. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात ते स्थानही बुडाले.

धरणाखालची नदी पावसावाचूनही चढते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पक्के लक्षात ठेवावे. पात्रातल्या खडकावर जाऊन बसू नये. स्नान करावयाचे तर बांधलेल्या घाटावर, स्थानिकांना विचारून आणि काठ न सोडता करावे. भोंगा ऐकू आला किंवा पाण्याचा रंग व वेग बदलला, तर सामान तेथेच टाकून काठावर चढावे. काकडा खोहच्या कड्यावरही हाच विवेक पाहिजे. पावसाळ्यात दगडावर शेवाळ असते, आणि छायाचित्रासाठी एक पाऊल मागे घेणे जिवावर बेतू शकते.

एक नमुन्याची आखणी

वरील विचार लक्षात घेऊन हिवाळी सुटीतील पाच दिवसांची आखणी अशी करता येईल. पहिल्या दिवशी घाट उजेडी चढून मांडवास मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव व गोरखचिंचा, दुपारी विश्रांती, सायंकाळी रूपमतीच्या मंडपातून हवा स्वच्छ असल्यास खाली निमाड व दूरवर नर्मदेची रेघ पाहणे. तिसरा दिवस बाघचा; रात्री धार. चौथ्या दिवशी सकाळी सिरपूर तलाव, सायंकाळी देवासची टेकडी. पाचव्या दिवशी कावडिया किंवा खिवनी यांपैकी एकच. सुटी पावसाळ्यातील असेल, तर बाघ व खिवनी वगळावीत आणि मांडवास एक दिवस अधिक द्यावा. उन्हाळ्यात निमाडातील सहली टाळाव्यात. देवासची टेकडी पहाटे पाहावी, आणि मांडवच्या वृक्षांची सावली तेवढी घ्यावी.

बरोबर पाण्याच्या बाटल्या, टोप्या, शक्य तर एक दुर्बीण, हातभिंग आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र टिपणवही असावी. भडक रंगाचे कपडे व मोठ्याने लावलेली गाणी अरण्यात नकोत. रात्री जंगलातील रस्त्याने गाडी हाकू नये. दिव्यांनी दिपलेले प्राणी रस्त्यातच थबकतात आणि चाकाखाली सापडतात. आपण नेलेला कागद, पिशवी व बाटली आपल्याबरोबर परत आणावी.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत तुमच्या घरी प्रवासाचा बेत निघेल, तेव्हा स्थळांची यादी वडीलधाऱ्यांनी करावी आणि तुम्ही चार कसोट्यांचे चार रकाने आखून ती तपासावी. कोणते स्थळ का ठेवले आणि कोणते का वगळले, हे एका ओळीत लिहावे. प्रवासाला जाणे झालेच नाही, तरी आपल्याच तालुक्याचा नकाशा घेऊन हा प्रयोग करता येईल. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते, एवढ्या एका प्रश्नापासून आरंभ करावा.